‘आई की बाळ’ याआधी ‘कितवा आठवडा’ हे विचारा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गरोदर स्त्रीला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया झाल्याचे कळले की इस्पितळाच्या व्हरांड्यात नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता आई वाचवायची की बाळ?’ फोंडा आणि सत्तरी तालुक्यांत रक्ततपासणीच्या कामात नोकरीची सगळी वर्षे काढल्यानंतर मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, त्याआधी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत: ल्युकेमिया कोणत्या प्रकारचा आहे आणि गर्भ किती आठवड्यांचा आहे. पुढचे जवळजवळ सगळे या दोन उत्तरांवर अवलंबून असते आणि पुष्कळदा त्यातून दोघांनाही जपणारा मार्ग निघतो.

साधारण पाऊण लाख ते एक लाख गरोदर स्त्रियांमागे एखादीला होणारा हा आजार आहे. तो इतका क्वचित दिसतो म्हणूनच ओळखायला उशीर होतो. थकवा, धाप, फिकेपणा ही लक्षणे गरोदरपणात कोणालाही होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला असल्याने, लोहाच्या गोळ्या देऊन पुढच्या महिन्यात बोलावणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. मात्र हिमोग्लोबिनबरोबर प्लेटलेटही घसरल्या असतील, पांढऱ्या पेशी फार वाढल्या किंवा फार उतरल्या असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर यंत्राने छापून दिलेल्या आकड्यांवर थांबता कामा नये. त्याच रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गरोदरपणात पांढऱ्या पेशी थोड्या वाढतातच, पण त्या बहुतेक नेहमीच्या, पूर्ण वाढलेल्या पेशी असतात. तीव्र, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात मात्र अपक्व पेशी असतात: पेशी व्यापून टाकणारे मोठे केंद्रक आणि त्याभोवती निळसर द्रवाची अरुंद कड दिसते. त्यातल्या मायलॉइड नावाच्या प्रकारात कधी कधी त्या कडेत एक बारीक लालसर काडी सापडते. ती काडी दिसल्यावर त्या बाईला ‘अहवाल उद्या न्या’ असे सांगून चालत नाही. पुढची अस्थिमज्जेची, म्हणजे हाडातील मगजाची, तपासणी जागा बधिर करून गरोदरपणातही सुरक्षितपणे करता येते, त्यामुळे बाळाच्या काळजीने ती लांबणीवर टाकू नये.

आता आठवड्यांविषयी. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात. त्या काळात केमोथेरपी दिली तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका मोठा असतो, आणि तीव्र ल्युकेमियात उपचार पुढे ढकलावेत तर आईच्या जिवावर बेतते. म्हणून या टप्प्यावर बहुधा गर्भपात करून लगेच उपचार सुरू करण्याचा सल्ला मिळतो. हा निर्णय फार जड असतो, पण तो त्या स्त्रीचा आहे. 1971 च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची किंवा सासरची सही लागत नाही. चौथ्या महिन्यापासून चित्र बदलते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन ही नेहमीची औषधे त्यानंतर देता येतात. बाळाचे वजन कमी राहणे, अकाली प्रसूती होणे, जन्मानंतर काही काळ बाळाच्या रक्तपेशी कमी असणे हे धोके राहतातच आणि त्यासाठी वारंवार सोनोग्राफी करावी लागते. काही औषधे मात्र वर्ज्यच असतात: लिम्फोब्लास्टिक या दुसऱ्या तीव्र प्रकारात मेथोट्रेक्सेट विसाव्या आठवड्याआधी देत नाहीत आणि प्रोमायलोसायटिक या मायलॉइडच्याच उपप्रकारात आर्सेनिक पूर्ण गरोदरपणात टाळतात. बत्तीस आठवडे उलटून गेले असतील आणि आईची प्रकृती तेवढी कळ काढू शकत असेल, तर पुष्कळदा आधी प्रसूती आणि मग केमो असा क्रम ठरतो. केमोचा शेवटचा डोस आणि प्रसूती यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर राखतात, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना कळा सुरू झाल्या तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग आवरणे कठीण होते.

माझ्या नात्यातील एका मुलीला पाचव्या महिन्यात हा आजार निघाला. पहिल्या इस्पितळात प्रसूती विभागाने तिला कर्करोगाच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी ‘आधी बाळाचे काय ते ठरवा’ म्हणून परत धाडले, आणि या येरझाऱ्यांत मोलाचे दिवस गेले. नंतर दुसरीकडे दोन्ही विभागांचे डॉक्टर एकत्र बसले आणि त्याच आठवड्यात केमो सुरू झाली. मूल लहानखुरे आणि वेळेआधी जन्मले. आज ते बालवाडीत जाते. एका उदाहरणावरून नियम निघत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या युरोपातील अभ्यासातही, आईला गरोदरपणात कर्करोग असलेल्या मुलांची बौद्धिक वाढ आणि हृदयाचे कार्य इतर मुलांसारखेच आढळले होते, आणि जो फरक दिसला त्याचा संबंध मुख्यतः अकाली जन्माशी होता. आईचा ल्युकेमिया बाळाला ‘लागतो’ ही भीतीही आपल्याकडे फार आहे. वैद्यकीय साहित्यात अशी उदाहरणे अत्यंत तुरळक आहेत.

दीर्घकालीन, म्हणजे संथपणे वाढणारा, मायलॉइड ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर सीएमएल म्हणतात, त्याविषयी वेगळे लिहायला हवे, कारण तिथे घरचे मौनच जास्त घात करते. 2001 पासून इमॅटिनिबच्या गोळीने या रुग्णांचे आयुष्य पालटले. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मूळ कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त भारतीय गोळी मिळत राहण्याचा मार्ग मोकळा राहिला. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा आजार बऱ्याच तरुण वयात दिसतो, म्हणजे लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयातल्या मुली या गोळीवर असतात. सासरी कळू नये म्हणून गोळ्या पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. दिवस गेले की त्यांतली एखादी घाबरून, कोणालाही न विचारता गोळी बंद करते आणि तपासणीलाही येत नाही, तर दुसरी तशीच घेत राहते. पहिलीचा आजार उसळू शकतो. दुसरीच्या बाळाला व्यंगाचा धोका असतो, कारण ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत विशेष घातक ठरते. आजार निदान दोन वर्षे खोलवर आटोक्यात असल्याचे बीसीआर-एबीएल या सीएमएलच्या जनुकाच्या तपासणीत दिसत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून गरोदरपणाचे नियोजन करता येते; मध्येच गरज पडली तर इंटरफेरॉन या इंजेक्शनचा पर्याय असतो. गोळी पुन्हा सुरू केल्यावर अंगावर पाजता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे. हे संभाषण लग्न ठरतानाच व्हायला हवे, आणि ते डॉक्टरांनीच पुढाकार घेऊन केले तर त्या मुलीचा संकोच पुष्कळ कमी होईल.

गोव्यासारख्या लहान राज्याला यातील बरेच काही करता येण्यासारखे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ, एका दिवसात गाठता येते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी ज्यांच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, दोन प्रकारच्या पेशी बिघडलेल्या दिसतील त्यांचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, त्याच दिवशी पाहिला जावा, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे. प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, म्हणून अशा रुग्णासाठी दात्यांची यादी उपचाराच्या पहिल्या दिवशीच करावी. आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर ‘गरोदर, संशयित ल्युकेमिया’ एवढेच न लिहिता गर्भाचे आठवडे ठळकपणे लिहावेत आणि ती चिठ्ठी प्रसूतिशास्त्र, रक्तविकार आणि नवजात शिशू अशा तिन्ही विभागांच्या नावे एकाच वेळी द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा