कुलूप लावलेला झोपाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्वांना खेळता येईल अशा उद्यानांवर आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण पत्र लिहायला बसलो ते त्यासोबतच्या छायाचित्रामुळे. व्हीलचेअरसकट चढता येईल असा नवाकोरा झोपाळा, त्याच्याभोवती कमरेएवढी जाळी आणि जाळीच्या दाराला कुलूप. लेखकाच्या नजरेतून ते कुलूप सुटले असावे. माझ्या नाही सुटले, कारण अशाच एका कुलपापुढे मी नातीला घेऊन ताटकळलो आहे.

नात आठ वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे पायांवर ताबा कमी. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. तोंडाने मात्र कोणाला हार जाणारी नाही. त्या दिवशी किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार जेवायला गेलेला. अर्ध्या तासाने तो आला, कुलूप काढले, खुर्ची चढवली, चाके अडकवली, आणि झोपाळा हलू लागला. हा झोपाळा फार जड असतो. लोखंडी तळ, त्यावर खुर्ची, त्यात मूल; एवढे वजन झोक्यात असताना मध्ये कोणी आले तर इजा मोठी होते. म्हणून जाळी. ती लावणाऱ्याला मी दोष देत नाही. पण आत ही एकटी, आणि बाहेर आठ-दहा मुले जाळीला नाक लावून उभी. दोन मिनिटांत म्हणाली, "आबा, उतरव मला. मी काय वाघ आहे का बघायला?"

इथे एक कबुली देतो. मी निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. नोकरीत बागांचे नकाशे पुष्कळ काढले. आधी पायवाटा, मग हिरवळ, मग कॅटलॉगमधून उचललेली खेळणी, आणि नकाशा सहीला जाण्याच्या आदल्या दिवशी वरून निरोप, "ते अपंगांचं काहीतरी टाका." मी फाटकाशी 1:12 चा रॅम्प काढायचो, शेजारी व्हीलचेअरची निळी खूण. ती खूण काढली की माझे काम संपले. रॅम्प चढून आत आलेल्या मुलाने पुढे काय करायचे, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. नात झाली नसती तर आजही विचारला नसता.

1:12 म्हणजे एक फूट चढायला बारा फूट उतार. घसरगुंडीचा माथा पाच फुटांवर असेल तर साठ फुटांचा रॅम्प, शिवाय मध्ये थांबायला सपाट टप्पे. हाताने खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला हाही चढ दमवतोच. 1:20 केला तर शंभर फूट. नकाशावर एवढी लांबी दिसली की कोणीही म्हणतो, जाऊ द्या, घसरगुंडी नको, त्यांना वेगळे काहीतरी देऊ. जाळीतला झोपाळा जन्मतो तो इथे. खरे तर उत्तर जमिनीतच असते. जागेला थोडा उंचसखलपणा असेल, किंवा खोदाईची माती आयती मिळत असेल, तर तिची टेकडी करावी, तिच्यावरून वळणावळणाची रुंद वाट न्यावी आणि घसरगुंडी टेकडीच्या उतारावरच बसवावी. मग शिडी नको की लोखंडी सांगाडा नको. पळणारी मुले त्याच वाटेने पळतात, खुर्ची त्याच वाटेने जाते, पाठीवर बाळ घेतलेली आईही. 'अपंगांसाठी' अशी पाटी लावायला जागाच उरत नाही.

पण घसरगुंडीची गोष्ट माथ्यावर संपत नाही. एका बागेत नातीला मी माथ्यापर्यंत नेले. ओट्यावर खुर्ची टेकवली, ती हातांवर जोर देऊन सरकत बसली आणि सुर्रकन खाली गेली. काय ओरडली म्हणून सांगू! आता ती खाली आणि खुर्ची वर. मी खुर्ची घेऊन रॅम्पने उलटा खाली येईपर्यंत ती घसरगुंडीच्या तोंडाशी जमिनीवर बसून होती, आणि मागून येणारी मुले "सरक ना, सरक ना" म्हणून ओरडत होती. तिला सरकता येत नव्हते असे नाही, सरकून जायचे कुठे हा प्रश्न होता. तिथे एक फूट-सव्वा फूट उंचीचा ओटा आणि धरायला एक दांडी असती, तर ती बाजूला होऊन ऐटीत बसली असती. एवढाच फरक. पण तो कागदावर दिसत नाही. ज्याचे मूल खाली बसून वाट पाहते त्यालाच दिसतो.

या विषयात सगळ्यात अवघड कोडे जमिनीचे आहे, आणि लेखात त्याला एकच ओळ मिळाली. पडणाऱ्या मुलाला जमीन मऊ हवी, चाकाला घट्ट हवी. वाळू पडायला उत्तम, पण व्हीलचेअरची पुढची छोटी चाके तिच्यात रुततात आणि खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. खडीचे तेच. फरशीवर चाक छान चालते, पण तिच्यावर पडलेले डोके फुटते. जागेवर ओतून केलेला रबराचा थर दोन्ही कामे करतो, पण भर उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. सावली आधी आणि रबर नंतर, हा क्रम चुकला की खेळ संध्याकाळपुरताच उरतो. बारीक, तंतुमय लाकडाचा थर नीट दाबून बसवला तर चाके चालतात, मात्र झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी त्याला खड्डे पडतात, ते वरचेवर भरावे लागतात. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी बाग सर्वांसाठी असते, आणि देखभाल थांबली की फक्त चालणाऱ्यांची होते.

आणि सगळा विचार चाकांभोवतीच फिरतो, हाही आमच्या निळ्या खुणेचाच परिणाम. न दिसणाऱ्या मुलाला सगळ्यात मोठा धोका झोपाळ्याच्या वाटेत शिरण्याचा. झोपाळ्यांभोवती पायाखालचा पोत बदलला, तर तळव्याला कळते की पुढे जायचे नाही. स्वमग्न मुलाला गोंगाट असह्य झाला की पळत सुटावेसे वाटते. म्हणून कुंपण हवे, फाटक शक्यतो एकच हवे, आणि आत एखादी खोपटासारखी जागा हवी, जिथे बसून खेळ दिसतो पण अंगावर येत नाही. ती कोपऱ्यात दडवायची नाही. मूल सावरले की दोन पावलांत परत खेळात येता आले पाहिजे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण, असलेल्या मुलांच्या पालकांना ठाऊक असते की प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते आणि कानामागच्या यंत्रात त्यामुळे बिघाड होऊ शकतो. म्हणून घसरण्याआधी यंत्र काढून ठेवायचे, म्हणजे नेमक्या मजेच्या क्षणी ऐकू येणे बंद. घसरगुंडी धातूची असेल तर ही पाळी येत नाही. कॅटलॉग बघताना असले काही कोणाच्या मनातही येत नाही.

अमेरिकेत पालो अल्टो इथे 2015 साली 'मॅजिकल ब्रिज' नावाचे खेळाचे मैदान सुरू झाले. ते उभे राहिले ओलेंका व्हिलारियल या आईच्या खटपटीतून. आपल्या मुलीला खेळता येईल अशी जागा तिला स्वतःच्या शहरात सापडत नव्हती. तिथले झाडावरचे घर खुर्चीतून गाठता येते, आणि शांत बसायच्या जागा खेळाच्या ऐन गर्दीत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2019 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तर सगळा विषय तीन प्रश्नांत आणला आहे: मला तिथे पोचता येईल का, खेळता येईल का, थांबता येईल का? आम्ही सगळी अक्कल पहिल्या प्रश्नावर खर्च केली.

तिसरा प्रश्न मला व्यक्तिशः लागू आहे, कारण माझे गुडघे गेले आहेत. बाकाला हात नसले की मला बसता येते, उठता येत नाही. नातीला स्वच्छतागृहात न्यायचे तर आत खुर्ची वळायला दीड मीटरची मोकळी जागा लागते. आणखी दोन वर्षांनी तिचे कपडे बदलायला मोठ्या माणसाला पुरेल असे आडवे टेबल लागेल. बाळांची फळी कामाची नाही. हे नसेल तर आम्ही तासाभरात घरी परततो, झोपाळा कितीही भारी असो. शिवाय व्हीलचेअरवर फक्त मुलेच असतात असे कोणी ठरवले? खुर्चीवरच्या आईचे धडधाकट मूल वाळूच्या हौदात पडून रडत असेल, तर तिला त्याच्यापर्यंत जाता आले पाहिजे.

एक गोष्ट जरा भीतभीतच लिहितो, कारण नातीच्या आईला पटत नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली या मुलांना दिलेले खेळ बहुधा अतिशय कंटाळवाणे असतात. भिंतीवर फिरवायची चक्रे, तीन रंगांचे मणी, एक घंटा. आठ वर्षांची मुलगी त्याचे काय करणार? लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या ब्रिटिश उद्यानरचनाकार बाईंनी कोपनहेगनजवळ एमड्रुप इथले, 1943 मध्ये सुरू झालेले भंगार सामानाचे, म्हणजे टाकाऊ वस्तूंतून मुले हवे ते बांधून खेळतात असे, मैदान पाहिले आणि ती कल्पना लंडनला नेली. पुढे 1970 मध्ये त्यांनी चेल्सी भागात अपंग मुलांसाठी तसेच साहसी मैदान उभे केले. माती, पाणी, चढणे, पडणे, सगळे. पन्नासहून जास्त वर्षे झाली त्याला. माझ्या नातीला खरचटण्याचाही हक्क आहे असे मला वाटते. तिचे गुडघे आजवर एकदाही फुटलेले नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटते.

हक्क हा शब्द मी उगाच वापरत नाही. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम 31 खेळण्याचे आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2006 च्या करारात कलम 30 म्हणते की अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात भाग घेता आला पाहिजे. बरोबरीने म्हणजे जाळीआड नव्हे.

कुलपाच्या जागी काय, असे कोणी विचारेल. मोठ्या गोल टोपलीसारखा, जाळीदार विणीचा झोपाळा मिळतो. त्यात चार मुले आडवीतिडवी लोळू शकतात. कंबर सावरता येत नसलेले मूलही इतरांच्या मधोमध पडून झोके घेते. साध्या झोपाळ्यांच्या रांगेतच एक पाठ आणि पट्टे असलेला असावा. जमिनीच्या पातळीत बसवलेल्या गोल चक्रावर खुर्ची सरळ आत जाते, कोणाला उचलावे लागत नाही. ज्यांना खुर्चीतून काढता येत नाही अशा मुलांसाठी जड झोपाळाही हवाच, पण तो बागेच्या मध्यात, आणि तो हलवायला माणूस बागेच्या पूर्ण वेळेत हजर. आणि नकाशा काढण्याआधी चार मुलांना त्या मोकळ्या जागेवर नेऊन, ती कुठे अडतात ते नुसते बघत बसावे. माझ्या नोकरीत हे मी एकदाही केले नाही.

परवा नातीने टोपलीचा झोपाळा प्रथम पाहिला. तिला आत ठेवले, तेवढ्यात दोन अनोळखी मुली न विचारता तिच्या अंगावरून चढल्या. एकीचा पाय हिच्या पोटात. मी पुढे झालो तर हीच माझ्यावर खेकसली, "आबा, तू लांब थांब!" मी लांब थांबलो. बाकाला हात नव्हते, त्यामुळे उभाच होतो.

पुढच्या वेळी अशा उद्घाटनाचे छायाचित्र छापाल, तेव्हा बातमीदाराला एवढे विचारून यायला सांगा: किल्ली कोणाकडे असते, आणि तो जेवायला किती वाजता जातो.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन