कर्नाळ्याच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या पायवाटेवर तुम्ही मला अर्धा तास एका दगडावर बसवून ठेवलंत. त्या अर्ध्या तासाबद्दल हे पत्र.

तीन पावसाळे मी तिथे एका न दिसणाऱ्या पक्ष्याचं गाणं ऐकत होते. लांबलचक गोड शीळ, मध्येच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल. कधी दयाळ वाटायचा, कधी श्यामा. दुर्बिणीतून झाडांचे शेंडे धुंडाळून मान अवघडायची. तुम्ही म्हणालात, "ताई, गातो वर बसून, पण चरतो खाली. पाचोळ्याकडे कान द्या."

सरडा पळाला की पाचोळा सलग वाजतो. हा मात्र चोचीने पान उलटतो, थबकतो, दोन उड्या मारतो, पुन्हा एक पान. खर्र... गप्प... खर्र. तो ताल कानात बसला आणि करवंदीच्या जाळीखाली नारिंगी पोट दिसलं. मी घाईने "नवरंग!" म्हणाले. तुम्ही हो-नाही काहीच केलं नाहीत. "गालावरचा पट्टा आडवा की उभा?" एवढंच विचारलंत.

उभा! पांढऱ्या गालावर चक्क दोन काळपट उभे पट्टे. नवरंगाचा काळा पट्टा डोळ्यातून आडवा जातो, पाठ हिरवी, शेपूट असून नसल्यासारखी. याची पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा डाग, शेपूट चांगली लांब. नारिंगी डोक्याचा कस्तुर! हिमालयाकडच्या त्याच्या भाऊबंदांच्या गालावर हे पट्टे नसतात, अख्खं डोकं नारिंगी. घरी येऊन पुस्तकात ते वाचलं तेव्हा तुमचा प्रश्न किती नेमका होता ते कळलं.

आणि आमच्यातल्या एकाने मोबाइलवर त्याचा आवाज लावायला काढला, तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. "घरट्याचे दिवस आहेत. दुसरा नर आला समजून हा भांडायला धावेल, घरटं राहील बाजूला." पूर्वी मीही असे आवाज लावले आहेत. त्या दिवसापासून बंद केलं.

यंदा चिपळूणला माहेरी गेले होते. परसात फणसाखाली तोच ताल. खर्र... गप्प... खर्र. पाठ मातकट हिरवट, म्हणजे मादी. चोचीत गांडूळ. आईला खुणेने बोलावलं. साठ वर्षं त्या परसात वावरलेली माझी आई मागच्या पायरीवर श्वास रोखून बसली, चहा निवला तरी उठेना.

पुढच्या पावसात तिला तुमच्याकडे घेऊन येते.

तुमची,
पनवेलची ताई