बाबांच्या वर्गातला कीर्तनकार

प्रिय आई व बाबा,

सप्रेम सलाम.

गेल्या आठवड्यात शाळेच्या बैठकीत, ख्रिस्ती शिक्षकाचे नेमके काम कोणते, या विषयावर मला बोलण्यास सांगण्यात आले. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आलेल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली तिथेच निवर्तलेल्या मिशनरी सिंथिया फरारबाईंपासून मी सुरुवात केली. त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली व १८४८ साली पुण्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली, हेही सांगितले. त्यावर एका तरुण सहकाऱ्याने शांतपणे विचारले, "फुले तर स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तरी ख्रिस्ती झाले नाहीत, मग हे त्या शिक्षकांचे अपयशच नव्हे का?"

मिशनऱ्यांना धर्मप्रसार हवा होता, हे आपण लपवण्याचे कारण नाही. त्या मापाने पाहिले तर ते अपयशच. पण ते माप मला पटेना, आणि का पटत नाही, तेही तिथे धड सांगता आले नाही.

घरी आल्यावर बाबा, तुमचा तो वारकऱ्याघरचा विद्यार्थी आठवला. सातवीत धडा वाचायला उभा राहिला की पहिल्याच शब्दाला अडखळणारा तो मुलगा अभंग मात्र खळखळ म्हणतो, हे तुम्ही मधल्या सुट्टीत ऐकलेत आणि दुसऱ्या दिवसापासून, आधी अभंगाचे एक कडवे व मग धडा, असा त्याच्यापुरता नियम केलात. मिशनच्या शाळेत अभंग कशाला, अशी कुरकुर आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या काहींनी केली, तेव्हा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आले, एवढेच तुम्ही म्हणालात. (आई, तू मात्र त्याच्या अभंगांपेक्षा त्याच्या वाढलेल्या नखांचीच चौकशी अधिक करायचीस!) आज तो कीर्तन करतो आणि दर नाताळला न चुकता आपल्या दारी येतो. तो आपल्या मंडळीत यावा, असे तुम्ही कधी सुचवल्याचे मला आठवत नाही.

टिळकांनीही नगरला आपल्या घरी बालकवी ठोंबरे यांना ठेवून घेतले होते. तिथे त्या मुलाला मायेचे घर आणि कवितेचा जाणता वाचक मिळाला. त्याची कविता मात्र त्याचीच राहिली.

हे सारे लिहिण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. माझ्या दहावीच्या वर्गात गणितात पहिली येणारी एक मुलगी आहे, पण तिला चित्रकला शिकायची आहे. मी तिच्या पालकांना तीनदा बोलावून विज्ञान शाखेचा आग्रह धरला आणि त्याला मार्गदर्शन असे नाव दिले. वास्तविक मला तिच्यात माझीच पुनरावृत्ती हवी होती. धर्माऐवजी विज्ञान, इतकाच काय तो फरक. शनिवारी मी त्यांना पुन्हा भेटले व माझा सल्ला मागे घेतला. वडील गोंधळले, आई मात्र मोकळेपणाने हसली.

बाबा, त्या मुलाला मंडळीत आणण्याचा मोह तुम्हाला खरोखर कधीच झाला नाही का? आपण यावर कधी बोललो नाही. नाताळला येईन तेव्हा सांगा. त्या मुलीने तिची चित्रवही मला पाहायला दिली आहे. तिच्या परवानगीने ती बरोबर आणीन, आईलाही दाखवीन.

तुमची,
थोरली