साताऱ्याचे सिव्हिल सर्जन कार्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातीला यंदा एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि घरात 'ग्रेज अनॅटॉमी'चा ठोकळा आला. १८५८च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. नाव झालं ग्रे यांचं. पुस्तक बाजारात येईपर्यंत कार्टर मुंबईला पोचलेही होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत, आणि १८६३ ते १८७२ आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. हे इथेही फारसं कुणाला ठाऊक नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, गावोगाव चट्टे तपासत हिंडलो, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरुग्णांच्या नोंदी अभ्यासून हा रोग मुख्यतः आनुवंशिक, असं मत त्यांनी छापून मांडलं होतं. नॉर्वेच्या डॅनियलसेन यांच्यासारखे दिग्गजही तेच मानत. पण त्यांच्याच जावयाला, हान्सेन यांना, १८७३मध्ये बर्गेनला रुग्णांच्या गाठींत जंतू दिसले. कार्टर त्याच सुमारास तिथे गेले, हान्सेन यांचं काम पाहिलं आणि रोग संसर्गाचा आहे हे मान्य केलं. छापलेलं मत मागे घेणं सोपं नसतं. पुढे १८७७मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत उलटणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातले मळसूत्री जंतूही त्यांनी शोधले.

रुग्णांना वेगळं ठेवावं असा आग्रह त्यांचाच, हेही सांगायला हवं. त्या धोरणाने पुढे किती माणसं घरातून तुटली! बहुतेकांच्या शरीरात या जंतूला मुळातच प्रतिकार असतो आणि औषधोपचार सुरू झाला की संसर्ग थांबतो, हे कळायला फार उशीर झाला.

आनुवंशिकतेचं खूळ मात्र अजून आहे. रुग्ण सापडला की घरचे आधी म्हणत, "आमच्या घराण्यात नाही हो हे." सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. २०१९पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं.

साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात कार्टर यांच्या नावाचा साधा फलक लागावा, त्यावर त्यांनी मत बदलल्याची एक ओळ असावी. ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाला जमलं तर बरं.

- एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, सातारा