आई, त्या सँडविचांचं सांगायचं राहिलं

विलमार, मिनेसोटा
9 फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईनं विचारलं, "मयताक जावन सँडविचा कसली खातत ती?" मी सांगायला लागले तेवढ्यात बाबांनी फोन हातात घेतला, "हो हो, छान छान" म्हणाले आणि ठेवून दिला. बाबा, तुम्हाला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, हे मला कळतं हो. कानाचं मशीन कपाटात ठेवून कान सुधारत नाहीत. पण ते भांडण मी आईकडे सोपवते आणि पत्र लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. भिंग घ्या, नाहीतर आईकडून वाचून घ्या.

आमच्या शेजारच्या आजी गेल्या. तुम्ही इथे आला होतात तेव्हा रुबार्बचा मुरंबा घेऊन आल्या होत्या, त्याच. आईनं तो चाखून "अंबाडीच्या भाजीत साखर पडली की काय" म्हटलं होतं आणि मी त्यांना "तिला फार आवडला" असं भाषांतर करून सांगितलं होतं. 91 वर्षांच्या होत्या. झोपेतच गेल्या.

इथली पद्धत अशी, की चर्चमधली प्रार्थना आणि दफन झालं की सगळे चर्चच्या तळघरात परत येतात. तळघर म्हणजे अंधारकोठडी नव्हे. आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढा हॉल, पलीकडे मोठं स्वयंपाकघर आणि पिंपाएवढा कॉफीचा बंब. या चर्चमधले बहुतेक लोक नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांचे वंशज, लुथरन पंथाचे. त्यांच्या बायकांचे गट असतात, त्यांना 'सर्कल' म्हणतात. कोणाच्या मयताचं जेवण कोणत्या सर्कलनं बघायचं याची पाळी ठरलेली असते. घरच्यांनी चुलीपाशी जायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मला फोन आला, "चार डझन सँडविच आणशील का? गरम." आणखी चार डझन त्या स्वतः करणार होत्या. चाळीसेक माणसं, माणशी दोन, वर थोडी जास्तीची, हा हिशोब. तू एक किलो तांदळात आठ-दहा पानं धरतेस, तसंच यांचं माणशी दोन पाव. कोणी तीन खातो, कोणी एकावर थांबतो, शेवटी जमतं.

एरवी या जेवणाला डुकराच्या मांसाचे, म्हणजे हॅमचे पाव असतात. पण आजींचे यजमान आयुष्यभर टर्कीपालन करत होते, म्हणून घरच्यांनी टर्की सांगितली. अमेरिकेत सगळ्यांत जास्त टर्की याच राज्यात वाढवतात आणि आमचा हा भाग तर त्यासाठीच ओळखला जातो. लांबच लांब पत्र्याच्या शेड दिसतात ना, त्या.

बाबा, टर्की म्हटल्यावर तुम्ही चष्मा वर कराल, तर थोडं तुमच्या विषयातलं. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, तुर्कस्तानचा नव्हेच. तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज लोक 'पेरू'! ज्याच्या-त्याच्या मते तो दुसऱ्याच गावचा. आणि 1612 साली जहांगीराचा सरदार मुकर्रब खान गोव्याला जाऊन पोर्तुगीजांकडून जी नवलाई घेऊन गेला, त्यात एक टर्कीही होता. बादशहानं लिहून ठेवलंय, की याचं डोकं-मान सरड्यासारखे रंग बदलतात. उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या वेशीपर्यंत हा पाहुणा चारशे वर्षांपूर्वी येऊन गेला आणि मला तो भेटायला मिनेसोटात यावं लागलं.

आता आई, तुझ्यासाठी कृती. तू हसशील, कारण यात करायचं फारसं काही नाही. जे चुकतं ते घाईनं चुकतं, आणि मी घाईच केली.

पाव घ्यायचे ते इथे 'हवाईयन रोल' म्हणून मिळतात. बाराची एक लादी, सगळे एकमेकांना चिकटलेले, अगदी आपल्या लादीपावासारखे, फक्त गोडसर आणि मऊ. हवाईतले, पण मूळचे पोर्तुगीजांचे. 1878 पासून मदेइरा बेटावरचे लोक हवाईत उसाच्या मळ्यांवर कामाला गेले, त्यांच्यासोबत हा गोड पावही गेला. पुढे 1950 मध्ये हिलो गावात रॉबर्ट तायरा नावाच्या माणसानं बेकरी काढली, तिचेच हे 'किंग्ज हवाईयन'. आपल्याकडे पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो तो पाव आणि हा पाव, एकाच घरचे दोन मुलगे म्हण. एक गोव्यात राहिला, एक हवाईला गेला.

मुख्य युक्ती अशी, की पाव सुटे करायचेच नाहीत. लांब, करवतीसारख्या दात्यांची सुरी घेऊन अख्खी लादी आडवी कापायची. वरचं झाकण एका तुकड्यात उचललं जातं. खालच्या भागावर एकदाच सगळं पसरायचं, झाकण ठेवायचं, की बारा सँडविच एका दमात. मी आजवर एकेक पाव कापून एकेक भरत होते. चार डझन तसे भरत बसले असते तर मयत आटोपून माणसं घरी गेली असती.

एका लादीला पाऊण पौंड टर्की लागते, म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम. शिजवलेली, पातळ कापलेली दुकानात मिळते. काउंटरवरचा मुलगा पहिला काप कागदावर ठेवून दाखवतो आणि जाडी चालेल का विचारतो. मी म्हटलं, अजून पातळ, प्रकाश दिसला पाहिजे. पातळ काप चुरगाळून घातले की पाव भरलेला वाटतो आणि चावताना अख्खा काप बाहेर ओढला जात नाही. चीज स्विस, भोकांचं. लादीला बारा काप, सहा खाली नि सहा वर. वरून लावायला एक वाटी घे: 113 ग्रॅम लोणी, म्हणजे इथली एक कांडी, वितळवून त्यात एक मोठा चमचा मोहरीची पेस्ट, चमचाभर खसखस, थोडा वाळलेला कांदा आणि लहान चमचाभर वूस्टर सॉस. या सॉसमध्ये काय असतं माहितीये? व्हिनेगर, चिंच, उसाची मळी आणि आंबवलेले बारीक मासे, आपल्या मांदेलीच्या गोतातले. साहेबानं बाटलीत भरून त्याला इंग्रजी नाव दिलं. पण चिंच नि मासे म्हटल्यावर ते आपल्या स्वयंपाकघरात ओळखीचं वाटणारच. खसखस मात्र इथे काळपट निळी असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं किडे झालेत.

गुरुवारी रात्री रंगीत तालीम केली. लादी भरली, कढत लोणी भसाभसा सगळीकडे ओतलं आणि ओव्हनमध्ये सारलं. वीस मिनिटांनी काढलं तर वरून सोन्यासारखं आणि खालचा पाव? लगदा. लोणी झिरपत खाली गेलं, टर्कीला सुटलेलं पाणी वरून आलं, आणि तळ ट्रेला चिकटला. तुमच्या जावयांनी काहीही न बोलता चमचा आणला आणि ताटातून उप्पीट खावं तसं खाल्लं. वर म्हणाले, "चव चांगली आहे." छोटी म्हणाली, "सँडविचचं पुडिंग." मला मात्र रात्रभर झोप नाही. चाळीस माणसांत, तेही मयताच्या जेवणाला, आपली फजिती नको.

शुक्रवारी त्या बाईंना फोन केला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेव. खालचा भाग आधी एकटाच पाच मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचा, पृष्ठभाग कोरडा होऊ द्यायचा. टर्कीचे काप कागदानं टिपून घ्यायचे. आणि चीज टर्कीच्या खाली आणि वर, दोन्हीकडे. ते वितळून खालच्या पावाला अस्तर लागल्यासारखं होतं, पाणी आत शिरत नाही, वरचं झाकणही चिकटून बसतं. लोणी फक्त वरून, ब्रशनं, तेही ओव्हनमध्ये घालायच्या क्षणी. आदल्या रात्री भरून झाकून फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण लोणी लावून ठेवायचं नाही.

शनिवारी सकाळी तसं केलं. ओव्हन 350 फॅरनहाइट, म्हणजे आपलं 175 सेल्सियस. पंधरा मिनिटं फॉइलनं झाकून, म्हणजे आत गरम होतं आणि वरचा भाग करपत नाही. मग फॉइल काढून आठ मिनिटं. चार ट्रे दोन खेपांत. दोन खणांवर ठेवले की मध्येच वरचा खाली, खालचा वर करायचा, नाहीतर एक गोरा आणि एक सावळा निघतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग पावांच्या शिवणीवरून कापायचं. चीज गरम असताना कापलं की सुरीबरोबर अर्धं बाहेर येतं.

बाहेर उणे अठरा. चर्च गाडीनं पाच मिनिटांवर. ट्रे पुन्हा फॉइलमध्ये, त्यावर टॉवेल, त्यावर जुनी गोधडी. हो, तू शिवलेलीच, बाबांच्या धोतराच्या अस्तराची. सत्यनारायणाच्या दिवशी तू शिऱ्याचं पातेलं गुंडाळून ठेवायचीस तशी. स्वयंपाकघरात एका बाईंनी गोधडी उलटीपालटी करून बारीक टाके पाहिले आणि मला विचारलं, "हाताचे?" तिथे बसलेल्या पाच-सहा जणी उठून पाहायला आल्या. त्यांच्यातही गोधड्या शिवायची मोठी परंपरा आहे. मी म्हटलं, आईची आहे. टाक्यांची तारीफ पोचवते आहे, चाराण्याचाही फरक न करता.

आता तुझा प्रश्न. खातात, हो. बसून, हळूहळू, पिकल्ड काकडी आणि बटाट्याच्या सॅलडबरोबर, वर कॉफी. आणि हसतातसुद्धा. आजींचा मुलगा सांगत होता, की लहानपणी टर्कीची पिल्लं पाण्याच्या भांड्यात तोंड घालायला शिकावीत म्हणून आई त्यात चकचकीत गोट्या टाकायची. सगळे हसले, मग तो रडला, मग त्यानं दुसरं सँडविच घेतलं. मला सुरुवातीला बसवेना. बाहेरून आल्यावर पाय धुवावेत, आंघोळ करावी, असं अंगात भिनलंय. मी कोपऱ्यात उभी राहिले. पण मग आजी (आपली) गेली तेव्हाचं आठवलं. आपली चूल थंड होती आणि शेजारच्या काकू कुळथाची पिठी नि भात घेऊन मागच्या दारानं आल्या. तू "नको" म्हणालीस. त्या काही बोलल्या नाहीत, ताटं मांडली, बाबांच्या पुढ्यात बसल्या आणि ते पहिला घास घेईपर्यंत उठल्या नाहीत. मी नऊ वर्षांची होते, मला फक्त एवढंच कळलं होतं, की आज पिठीत मीठ जास्त आहे आणि कोणी बोलायचं नाही.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. आणि बाबांना रात्री बरं नसेल तर मला फोन करण्याआधी त्यांना हाक मारा. मला फोन नंतर केलात तरी चालेल. चार पावलांवर त्या आहेत. मी रागावणार नाही.

सात सँडविच उरली. ती माझीच होती की त्या बाईंची, यावर मी वाद घातला नाही. आजींच्या मुलाला डब्यात भरून दिली. एरवी असं मांस दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात, पण त्या दिवशी गाडीची डिकीच फ्रिज होती.

आता बाबांचा मे महिन्यातला पंचाहत्तरावा. आई, तू म्हणालीस शंभर माणसांना संध्याकाळचं काय द्यायचं. मला वाटतं हे दे. ओव्हन नाही म्हणू नकोस. दिवाळीला नानकटाईचे ट्रे आपण कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला नेत होतोच ना? त्याची भट्टी संध्याकाळी मोकळी असते. पाव त्याच्याकडचेच, पण आदल्या दिवशीचे. ताजे कापताना चुरा होतात. टर्की नको, कोंबडी उकडून, तंतू काढून, मिरपूड-मीठ लावून, पाणी नीट निथळून घे. चीजचे काप तिथेही मिळतात. मोहरी तू लोणच्याला फेसतेस तशी फेस, पण थोडी, नाहीतर पाहुण्यांच्या नाकातून वाफा येतील. वूस्टर सॉसऐवजी चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. आपला पाव गोड नसतो, म्हणून लोण्यात चिमूटभर साखर. शाकाहारी लोकांसाठी तीन लाद्या वेगळ्या, त्यात कांदा-सिमला मिरची परतून. त्यांची सुरीही वेगळी ठेव, नाहीतर तुझ्या धाकट्या नणंदेला कळेल.

शंभरांना दोनशे. बाबा, हिशोब तुम्ही करा: लादी सहाची की आठची, ते आधी बेकरीवाल्याला विचारा. आणि विचारायला जाताना मशीन कानात घाला.

तुमची,
बाय