पारेख अँड सिंग यांना, पुण्यातून

निश्चय आणि जीवराज,

नमस्कार. तुम्ही दोघं कोलकात्यात गाणी करणारे, तुम्हाला मराठी वाचता येत नसावं. तरी आभार आपल्या भाषेतच मानलेले बरे, म्हणून लिहितोय.

मी आणि माझी मावसबहीण, आम्ही दोघंच गाणी करतो. ती गाते आणि गिटार वाजवते. ठेका आणि बाकीचा पसारा माझ्याकडे. कुठेही वाजवायला गेलं की "बाकीची मंडळी येतायत ना?" हा प्रश्न ठरलेला. एका कॅफेवाल्याने तर ती मंडळी येईपर्यंत म्हणून आम्हाला चहा पाजला! तुमचा 'ओशन' हा अल्बम ऐकल्यापासून या प्रश्नाचा त्रास होत नाही. गाणं, गिटार, कीबोर्ड एकाकडे, ड्रम दुसऱ्याकडे, आणि तरी कुठे काही कमी आहे असं वाटत नाही. जीवराज, तुमचे आई-वडील जयश्री आणि ज्ञान सिंग कोलकात्याच्या 'स्किनी ॲली' बँडमधले. घरातच एवढं वाजत असेल, तर कुठे वाजवायचं नाही हेही कान शिकत असणार.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. 'ओशन' २०१३ साली एकट्या निश्चयच्या नावाने आला होता. तोच अल्बम २०१६ मध्ये लंडनच्या 'पीसफ्रॉग' या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढला, या वेळी दोघांच्या नावाने. स्वीडनचा गायक होझे गोन्झालेझ याला ब्रिटनमध्ये ऐकवणारी ही कंपनी, आणि त्यांना तीन वर्षांपूर्वीची गाणी जुनी वाटली नाहीत. आमचीही काही रेकॉर्डिंग अशीच पडून आहेत. "शिळं कोण ऐकतं, नवीन करा, आठवड्याला एक रील टाका," असं सांगणारे भेटतातच. त्यांना आता मी तुमचा हिशेब ऐकवतो: २०१६ नंतर पुढचा अल्बम 'सायन्स सिटी' थेट २०१९ मध्ये, आणि 'द नाइट इज क्लिअर' २०२२ मध्ये. ज्यांना ऐकायचं होतं ते थांबले.

मीशा घोष यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आय लव्ह यू बेबी, आय लव्ह यू डॉल' या गाण्याच्या व्हिडिओमुळे तुमचे फिक्या रंगांचे सूट जगभर पोचले. मला विचाराल तर सूटांचं आणि सिनेमा दिग्दर्शक वेस अँडरसनशी तुलनेचं कौतुक जरा जास्तच झालं. बहिणीला हे अजिबात पटत नाही; तिने स्वतःसाठी पिस्ता रंगाचं कापडही बघून ठेवलंय. मी काही घालणार नाही.

सध्या ती जुनी गाणी पुन्हा बाहेर काढली आहेत. तिला पहिला आवाज तसाच ठेवायचाय, मला ठेका नव्याने वाजवायचाय, आणि भांडण मिटत नाहीये. पुण्यात कधी वाजवायला आलात, तर 'ओशन' दुसऱ्यांदा काढताना तुम्ही दोघं कशावरून भांडलात ते सांगा. चहा आमच्याकडून.

तुमचा,
पुण्यातला एक ठेकेवाला