ताई, त्या शनिवारबद्दल

प्रिय ताई,

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात तुम्ही आला होतात पुस्तक बदलायला आणि अडकलात माझ्या वेबसाइटमध्ये. चांगले तीन तास! तुम्ही स्वतःहून हे कुणाला सांगणार नाही, म्हणून मीच चारचौघांत सांगतो.

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मी रात्री जागून स्कॅन केली होती. लॅपटॉपवर सगळं झकास दिसायचं. सर्व्हरवर चढवलं आणि निम्मी मुखपृष्ठं गायब. होस्टिंगवाल्यांना मी दोन दिवस फोनवर झापत होतो. (त्यांची माफी मागायची राहिलीच आहे.) तुम्ही स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलंत, "लॅपटॉप विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा ना?" स्कॅनरनं फाइलच्या नावामागे जेपीजी कॅपिटलमध्ये लावलं होतं, मी लिंकमध्ये स्मॉल लिहिलं होतं. विंडोज असलं काही मनावर घेत नाही. लिनक्सच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या फाइली.

त्याहून लाज वाटली ती काही अंकांच्या लिंक बघून. मला दिसत होते, ग्रंथपालबाईंना दिसत नव्हते. लिंक थेट माझ्या सी ड्राइव्हमध्ये शिरत होती! "अरे, तू लोकांना तुझ्या घरातल्या कपाटाचा कप्पा सांगतोयस," म्हणालात आणि इतक्या हसलात की वाचनकक्षातले आजोबा पेपर खाली ठेवून बघायला लागले. तेव्हापासून फाइलवर डबल क्लिक करून साइट तपासणं बंद. लॅपटॉपवरच छोटा सर्व्हर चालू करतो, लोकलहोस्टवर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्यावर, बघतो, मगच वर चढवतो.

मग बाहेरच्या साइटकडे जाणाऱ्या लिंक. लिंकचेकर, म्हणजे लिंक चालू आहेत का ते बघणारा प्रोग्राम, लावताना तुम्ही बजावलंत की आधी नुसती हेड रिक्वेस्ट पाठव, म्हणजे पान न उतरवता सर्व्हरचं उत्तर कळतं. आणि दोन रिक्वेस्टमध्ये जरा दम घे, नाहीतर समोरचा 429, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’, असं उत्तर देऊन हाकलेल. 404, म्हणजे पान सापडत नाही, मला माहीत होता. 403, म्हणजे आत यायला मनाई, दिसला तशी मी ती लिंकही उडवायला निघालो, तर तुम्ही माऊसच काढून घेतलात. ब्राउझरमध्ये तेच पान व्यवस्थित उघडलं. त्या साइटला प्रोग्रामची ये-जा नको होती, एवढंच.

पण खरी अद्दल घडवली 200 नं, म्हणजे ‘पान मिळालं’ या उत्तरानं. एका बंद पडलेल्या मासिकाची लिंक यादीत हिरवी होती, म्हणजे सगळं ठीक. "उघड तरी," तुम्ही म्हणालात. उघडली. डोमेनची मुदत कधीच संपली होती आणि तिथं कुणीतरी ऑनलाइन रमीचं दुकान थाटलं होतं. आमच्या सभासदांना आम्ही वाचनालयाच्या पानावरून जुगाराला धाडत होतो! त्यावर तुमचं म्हणणं: "गिरगावात नाही का, पत्ता तोच असतो, जाऊन बघावं तर चाळीच्या जागी टॉवर." यंत्र फक्त दार उघडतं का ते बघतं, आत कोण राहतं ते आपण बघायचं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. त्या मासिकाची जुनी पानं वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात सापडली. आता लिंक तिकडची आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी लावतो. परवा सात लाल निघाल्या, पाच दुरुस्त केल्या. उरलेल्या दोन 301 (‘पान दुसऱ्या पत्त्यावर गेलंय’) वरून 301 वर गोल गोल फिरतायत आणि माझं डोकंही त्यांच्याबरोबर. तुमची छत्री काउंटरच्या मागे ठेवली आहे. न्यायला याल तेव्हा चहा सांगतो, आणि ओशाळून विचारतो, त्या दोन बघाल का?

तुमचा,
वाचनालयाची साइट सांभाळणारा